वाडवडिलांचा धंदा : चोरी!

होस्टेलमध्ये गेलेल्या वस्तूंची यादी करायला बसलं तर दोन जर्नलं भरतील. बादली, मग, टॉवेल, चार्जर, चपलेचा एकच पाय (एकच का, हे ब्रह्मदेवालाही माहीत नसावं!) आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ड्राफ्टर. यातला एकही चोर आपल्याला कधी 'मनाने चांगला' वाटलेला नाही. पण मंडळी, गंमत बघा. हीच बादली गमावलेली जनता रात्री मेसमधून जेवून आली की स्क्रीनसमोर बसते आणि एका अट्टल चोराला जीव तोडून मदत करते. तो पकडला जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरते. त्या चोराचं नाव स्लाय कूपर.

हा लेख त्याच्याबद्दल आहे. आणि एका प्रश्नाबद्दल : 'चांगला चोर' बनतो कशाने? गेम बनवणाऱ्यांना याचं उत्तर कोडमध्ये लिहावं लागतं, म्हणून ते आपल्याला जवळून बघता येतं. आणि ते बघता बघता मी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका जुन्या कायद्यापाशी जाऊन पोचलो. कसा, ते पुढे सांगतो.

कोण हा स्लाय?

स्लाय हा रॅकून आहे. रॅकून म्हणजे उत्तर अमेरिकेतला, मांजरापेक्षा जरा मोठा, रात्री फिरणारा प्राणी. त्याच्या डोळ्यांभोवती काळा पट्टा असतो, म्हणजे चोराचा मुखवटा देवानेच चढवून पाठवलेला. लोकांचे कचऱ्याचे डबे उघडण्यात तो खराखुरा पटाईत आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सकर पंच या कंपनीने २००२ मध्ये स्लायचा पहिला गेम प्लेस्टेशन टूसाठी काढला. दुसरा २००४ ला, तिसरा २००५ ला. चौथा गेम २०१३ मध्ये सान्झारू गेम्स या दुसऱ्या कंपनीने प्लेस्टेशन थ्रीसाठी केला. मी हे गेम आमच्या बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, मावसभावाच्या जुन्या प्लेस्टेशनवर खेळलो. दादा नोकरीला लागला आणि मशीन माझ्या वाट्याला आलं. (वारसाहक्क! हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

गोष्ट थोडक्यात अशी. कूपर घराणं पिढ्यान् पिढ्या चोरांचं. प्रत्येक पूर्वजाने आपली खास युक्ती एका पोथीत लिहून ठेवलेली. कोणी टोकदार सुळक्यावर उडी मारून तोल सांभाळायला शिकलेला, कोणी अदृश्य व्हायला, कोणी रुळावरून घसरत जायला. आठ वर्षांच्या स्लायला ही पोथी मिळणार त्याच रात्री पाच गुंड घरात घुसतात, वडिलांना मारतात आणि पोथी फाडून पाच जण पाच तुकडे घेऊन जातात. स्लाय अनाथाश्रमात वाढतो. तिथे त्याला दोन मित्र भेटतात, बेंटली नावाचं हुशार कासव आणि मरे नावाचा पाणघोडा. मोठे झाल्यावर तिघे मिळून एकेका गुंडाला गाठतात आणि पोथीचं एकेक प्रकरण परत मिळवतात. त्यांच्या मागावर इंटरपोलची इन्स्पेक्टर कार्मेलिटा फॉक्स, जातीची कोल्हीण आणि स्वभावाने एकदम कडक.

चोर चांगला करण्याची रेसिपी

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू. खेळणाऱ्याला चोरी करायला लावायची, पण त्याला वाईट वाटता कामा नये. हे कसं साधतात? मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, ज्याच्याकडे चोरी करायची तो आधीच चोर. कूपर घराण्याचा नियमच आहे की साध्या माणसाला लुटण्यात ना शौर्य ना मजा, हात मारायचा तर चोरावर. म्हणजे 'चोरावर मोर' ही आपली म्हण त्यांनी अख्ख्या घराण्याचं ब्रीद करून टाकली आहे. गेममध्ये गरीब भाजीवाली कुठे दिसतच नाही, त्यामुळे तिचा गल्ला मारायचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या भागात चालता चालता गार्डचा खिसा मारता येतो, पण तो गार्डसुद्धा गुंडाच्या पगारावरचा!

दुसरी, जे चोरायचं त्यातलं सगळ्यात मोलाचं मुळात स्लायचंच आहे. पोथी त्याच्या घरातली. आपली वस्तू परत आणणाऱ्याला आपण मनातल्या मनात चोर म्हणत नाही.

तिसरी, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे कायदाही वाईट दाखवलेला नाही. कार्मेलिटा लाचखाऊ नाही, मूर्ख नाही. ती आपलं काम करते, तो त्याचं. दोघांना एकमेकांबद्दल आदर आहे (आदराच्या थोडं पुढचंही आहे, पण ते असो).

या तीन गोष्टी काढून टाका आणि बघा. भाजीवाली आणा, तिच्या मुलीची फी त्या गल्ल्यात ठेवा. तोच स्लाय, त्याच उड्या, पण बटण दाबताना तुमचा अंगठा अडखळेल. म्हणजे चांगुलपणा स्लायच्या स्वभावात जितका आहे तितकाच त्याच्याभोवती रचलेल्या जगात आहे. खऱ्या आयुष्यातल्या बादलीचोराला अशी रचलेली दुनिया मिळत नाही.

गार्डला चोर कसा दिसतो?

लपूनछपून खेळायच्या गेममध्ये गार्डचं डोकं साधारण कसं चालतं, हे प्रोग्रामिंगवाल्यांना आवडेल. गार्ड ज्या दिशेला बघतोय तो एक युनिट व्हेक्टर. गार्डपासून चोरापर्यंतचा दुसरा युनिट व्हेक्टर. दोघांचा डॉट प्रॉडक्ट काढला की मधल्या कोनाचा कोसाइन मिळतो. कोन ठरलेल्या मर्यादेत, अंतर मर्यादेत आणि मध्ये भिंत नाही, असं असेल तर चोर दिसला! फर्स्ट इयरला मॅथ्सच्या सरांना 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

दिसल्यावर काय करायचं हे फायनाइट स्टेट मशीन ठरवतं. गार्डच्या तीन-चार अवस्था असतात. गस्त, संशय, पाठलाग. खुट्ट झालं की गस्तीतून संशय. चोर दिसला की पाठलाग. चोर नजरेआड होऊन काही वेळ गेला की बाण उलटा फिरतो आणि गार्ड मुकाट्याने पुन्हा गस्तीवर.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे गार्ड फक्त एवढंच बघतो की तू कुठे आहेस आणि काय करतोयस. तुझा बाप कोण हे इनपुट त्या फंक्शनला जातच नाही. आणि दुसरी, प्रत्येक अवस्थेतून परत यायला बाण आहे. संशयाच्या अवस्थेत मशीन कायमचं अडकलं तर त्याला आपण बग म्हणतो.

आपल्याकडचे 'स्लाय'

असा नायक आपल्याकडे नवा नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६ ते १९९६, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे नायक आपल्या आजोबांच्या पिढीने दिव्याखाली बसून वाचले. पुस्तकांची मालिका आणि गेमची मालिका यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. नायक तोच, व्हिलन दर भागात नवा!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. आमच्या इंग्लिशच्या पुस्तकात रॉबिन हूड होता. उमाजी नाईक हे नाव मी दहावीनंतर ऐकलं. उमाजी पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे, रामोशी समाजातले. रामोशी म्हणजे गावाची आणि गडाची राखण करणारे, म्हणजेच गार्ड! पुरंदरची राखण त्यांच्या हातून गेली आणि पुढे कंपनी सरकारच्या राज्यात उमाजींनी बंड केलं. सरकारी कागदांत ते दरोडेखोर, लोकांच्या तोंडी राजे. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. चोर कोण आणि राखणदार कोण, हे बऱ्याच वेळा रजिस्टर ज्याच्या हातात असतं तो ठरवतो.

आणि इथेच मला स्लायची पोथी आठवली. बापाकडून मुलाकडे जाणारी चोरी. गेममध्ये ही कल्पना इतकी गोड वाटते! पण हीच कल्पना एकदा आपल्या देशात कायदा झाली होती.

जन्मानेच चोर

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. मग चोराचा मुलगा चोरच होणार! तेव्हा एकेका चोराला पकडत बसण्यापेक्षा अख्खी जमातच गुन्हेगार ठरवून टाकू.

सरकारने गॅझेटमध्ये जमातीचं नाव छापलं की झालं. ते बरोबर की चूक हे कोर्टाला तपासता येणार नाही, असं कलमच कायद्यात होतं. त्या जमातीच्या लोकांची नावं पोलिसांच्या रजिस्टरमध्ये. ठरलेल्या वेळी हजेरी. दुसऱ्या गावाला जायचं तर पास. सुरुवातीला हा कायदा मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी तारेचं कुंपण घालून 'सेटलमेंट' उभ्या राहिल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसं तिथल्या कापडगिरण्यांत राबली. सोलापुरात त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात.

यात कोण कोण सापडलं? राखण करणारे रामोशी. दगड फोडणारे वडार. टोपल्या विणणारे कैकाडी. आणि बैलांच्या तांड्यावर धान्य-मीठ वाहून नेणारे बंजारा. बंजाऱ्यांचं उदाहरण बदलापूरकराने तरी विसरू नये. आमच्या गावाचं नाव, असं सांगतात, घोडे बदलायची जागा म्हणून पडलं. म्हणजे माल आणि माणसं जनावरांवरून जायची तो हा रस्ता. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे धावली, १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे गेली. देशभर जिथे जिथे रूळ पोचले तिथे बैलांच्या तांड्याचा धंदा बसला. पोट हातावर आणि पाय रस्त्यावर असलेला माणूस सरकारला आधी बेकार दिसला आणि मग संशयित.

आता मघाचं स्टेट मशीन आठवा. इथे इनपुट एकच, बाप कोण. सुरुवातीचीच अवस्था 'संशय'. आणि परतीचा बाण नाही. पाळण्यातल्या पोराने अजून कशाला हात लावलेला नाही, पण रजिस्टर त्याची वाट बघतंय. आपल्या लॅबमध्ये असा प्रोग्राम कोणी लिहिला तर मॅडम जर्नलवर सही करणार नाहीत.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला. म्हणजे १८७१ पासून ८१ वर्षं.

ॲडमिशनच्या लिस्टमधली दोन अक्षरं

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'बाबा रे, गेमवरून इतिहासात कुठे घुसलास?' तर मित्रांनो, तुम्हीही यातून गेला आहात. कॅप राउंडची लिस्ट आठवा. त्यात डीटी/व्हीजे नावाचा रकाना होता, तीन टक्क्यांचा. आपण सगळ्यांनी त्यातले कट-ऑफ बघितले, काहींनी नाकं मुरडली, आणि पुढे गेलो. व्हीजे म्हणजे विमुक्त जाती. विमुक्त कशातून? तर याच कायद्यातून! महाराष्ट्राच्या यादीत अशा १४ जाती आहेत. आपल्या बेंचवर बसलेल्या एखाद्या मित्राच्या पणजोबांनी चौकीवर हजेरी लावलेली असू शकते. आपल्याला ७५ टक्के अटेंडन्स जड जातो. त्यांची हजेरी चुकली तर शिक्षा व्हायची.

त्या यादीत एक नाव आहे 'भामटा'. जातीचं नाव. आणि हाच शब्द आपण कॉरिडॉरमध्ये दिवसातून दहा वेळा वापरतो, कोणी मॅगीचं पाकीट ढापलं की 'अरे भामट्या!' माझं मराठी घरी आणि मैदानात शिकलेलं. हा शब्द मला फक्त शिवी म्हणूनच माहीत होता. शब्दकोशातही तो लबाड माणसासाठीच सापडतो. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली, पण रजिस्टर असं भाषेत शिल्लक राहिलं.

आणि नुसतं भाषेतच नाही. आमच्या हेंद्रेपाड्यात पावसाळा संपला की मोकळ्या जागेत काही कुटुंबं पालं ठोकतात. बायका सुया-पिना, प्लास्टिकच्या वस्तू विकतात. मागे एका सोसायटीतून गिअरची सायकल गेली. सीसीटीव्हीचं फुटेज कोणी बघायच्या आधीच व्हॉट्सॲपवर पालांचा फोटो फिरला. संध्याकाळी चार जण जाऊन त्यांना उठायला सांगून आले. दुसऱ्या दिवशी जागा मोकळी. सायकल मिळाली नाही, चोर कोण तेही कळलं नाही, पण 'बंदोबस्त' झाला म्हणून सगळे खूश. त्या पालात एक मुलगा होता. माझ्या गिअरच्या सायकलकडे टक लावून बघायचा. टक लावून तर मीही बघतो, दुसऱ्यांच्या बाइककडे. मला कोणी उठवत नाही.

पोथी आणि पुस्तक

स्लायच्या पोथीच्या समोर ठेवायचं एक मराठी पुस्तक आहे. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. १९८७ मध्ये आलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या लायब्ररीत शोधा, नसेल तर मागवायला सांगा. लेखक लातूर भागातले, उचल्या जमातीतले. यातही घराण्याची विद्या आहे, खिसा कसा कापायचा, मार कसा सोसायचा. पण इथे ही विद्या शिकण्यात मजा नाही. भूक आहे आणि पोलिसांचा मार आहे. दुसरं काम मागायला गेलं तर जातीचं नाव आडवं येतं. लक्ष्मण हा त्यांच्या घरातून शाळेत गेलेला पहिला मुलगा. गेममध्ये मुलगा बापाची पोथी मिळवायला धडपडतो. इथे बाप मुलाच्या हातात पाटी देतो. मला विचाराल तर दुसरं काम जास्त धाडसाचं.

स्लायला चोर राहायचं की नाही हे ठरवता येतं. म्हणून तो आपल्याला आवडतो. रेसिपीतला सगळ्यात छुपा मसाला हाच आहे. ज्याला ठरवताच येत नाही त्याला 'चांगला चोर' म्हणणंही बरोबर नाही आणि 'वाईट चोर' म्हणणंही.

द्वेषाची चिप

शेवटी एक गोष्ट, जी खेळताना माझ्या नजरेतून सुटते आणि नंतर डोक्यात राहते. या मालिकेतला सगळ्यात मोठा व्हिलन कोण? क्लॉकवर्क नावाचं घुबड. कूपर घराण्याचा त्याला इतका द्वेष की त्यांचा नायनाट करण्यासाठी त्याने आपलं शरीर यंत्राचं करून घेतलं आणि पिढ्यान् पिढ्या जगत राहिला. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी सगळ्यात दुष्ट पात्र शोधलं तेव्हा त्यांना सापडला तो एखाद्याच्या अख्ख्या कुळावर डूख धरणारा. ज्या पांडा किंगने स्लायच्या बापाला मारण्यात हात दिला, तो तिसऱ्या भागात स्लायच्याच टोळीत येतो. त्याला परतीचा बाण मिळतो. क्लॉकवर्कला मिळत नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी क्लॉकवर्कच्या डोक्यातून बेंटली एक चिप उपटून काढतो, द्वेषाची चिप. त्यात त्याचे पाय कायमचे जातात. आणि ती चिप पायाखाली चिरडते कोण, तर पोलीस असलेली कार्मेलिटा! चिप फुटली की ते अजस्र यंत्र गंजून कोसळतं.

आपल्याकडे कायद्याचं यंत्र १९५२ मध्ये मोडलं. चिप मात्र राहून गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना सांगावं लागलं की तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम चालणार नाहीत आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार धरणंही चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

आपण काय करायचं? फार मोठं काही नाही. होस्टेलमधून पुढची बादली जाईल (जाणारच!) तेव्हा पहिलं नाव कोणाचं घेतो ते बघायचं. सफाईवाल्या मावशींचं? मेसमधल्या पोऱ्याचं? की ज्याचा रकाना आपल्याला माहीत आहे त्याचं? गेममधल्या त्या बिनडोक गार्डला कोन आणि अंतर मोजल्याशिवाय पळत सुटायची परवानगी नाही. निदान तेवढी तरी शिस्त आपण पाळू.

आणि हो, ड्राफ्टर ज्याने नेला असेल त्याने सबमिशनच्या आत परत ठेवावा. जात विचारणार नाही.